अर्थिंग

मोटर दुकानात आली की सगळ्यात आधी मेगर. एक क्लिप वायडिंगला, दुसरी मोटरच्या बॉडीला. काटा शून्याकडे पडला की गिऱ्हाइकाला सांगायचं, "अर्थ झालीय. वायडिंग काढावी लागंल." इंदापूरकडच्या बावड्यात पंचवीस वर्षं मी हेच करतोय. उसाचं गाव, विहिरी आणि बोअर जागोजागी, त्यामुळे जळालेल्या मोटरींना तोटा नाही. तांब्याची तार आणि लोखंडी बॉडी यांची गाठ पडू नये म्हणूनच स्लॉटमध्ये कागद घालायचा, स्लीव्ह चढवायची, वार्निश पाजायचं. करंट जमिनीकडे गेला म्हणजे काम बिघडलं, हे हाताला इतकं पक्कं बसलेलं. त्यामुळे हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटसाठी, उभी अँटेना बांधायला घेतली, तेव्हा तिचं निम्मं काम जमिनीतच असतं हे पटायला मला फार वेळ लागला.

रेडिओची ओढ पुण्यातल्या एका ज्येष्ठ हॅममुळे लागली. त्यांच्या नातेवाइकांची विहिरीवरची मोटर माझ्याकडे आली होती आणि ती भरून होईपर्यंत ते दुकानात बाकड्यावर बसून होते. मी कॉइल कशी घालतो ते बघत बघत त्यांनी विचारलं, "एवढा सफाईचा हात आहे, रेडिओच्या कॉइल कधी केल्यात का?" तेव्हापासून मी त्यांना सर म्हणतो. त्यांनी दिलेल्या वह्यांवर अभ्यास करून मी परीक्षा दिली आणि केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग विभागाकडून परवाना मिळाला. रिस्ट्रिक्टेड प्रकारचा, म्हणजे मोर्सची परीक्षा नाही आणि पॉवर ५० वॅटपर्यंतच. कॉल साइनचं कार्ड आलं त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं होतं.

मग १४ ऑक्टोबर २०२०ची रात्र आली. इंदापूर-बारामतीकडचा तो पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. ओढ्यांनी रस्ते तोडले, उभा ऊस झोपला, वीज तर संध्याकाळीच गेली होती. पुढं काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या आणि मोबाइल मुके झाले. माझी बहीण निमगाव केतकीला दिलेली. "ओढ्याचं पाणी दारापर्यंत आलंय" एवढं तिचं शेवटचं बोलणं, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच नाही. घरात रेडिओ होता, ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी होती, पण अँटेना पाइपासकट आडवी झाली होती. सरांपर्यंत माझा आवाज पोचला असता तर पुण्यातून कुठेतरी निरोप गेला असता, असं त्या रात्री राहून राहून वाटत होतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ला भूज हादरलं, तेव्हा हॅम लोकांनी तिथं जाऊन सेट लावले आणि निरोप पोचवले. सरांकडून ते सगळं ऐकलेलं. आणि इथं मी सेटसमोर बसून पावसाचा आवाज ऐकत होतो.

बहीण सुखरूप होती. तिच्या दोन शेळ्या गेल्या.

पाणी ओसरल्यावर मी ठरवलं की अशी अँटेना करायची जी मोटरसायकलवर जाईल, एकटा माणूस पाव तासात उभी करील आणि एकापेक्षा जास्त बँडवर चालेल. दिवसा एक बँड उघडा असतो, रात्री दुसरा. संकट वेळ विचारून येत नाही, म्हणून चार-पाच बँड हवेत. आडव्या तारेला दोन खांब लागतात आणि पुरात खांब कुठले, म्हणून उभी. उभ्या अँटेनाचं गणित सोपं आहे. लहरीच्या लांबीचा चौथा भाग एवढी काठी. १४ मेगाहर्ट्झवर लहर साधारण २१ मीटरची, म्हणून काठी पाच मीटरच्या आसपास. १८ मेगाहर्ट्झला ३.९ मीटर, २१ला ३.३५, २८ला अडीच. स्टेनलेस स्टीलची दुर्बिणीसारखी उघडणारी ५.६ मीटरची काठी बाजारात मिळते, ती मागवली. मिटली की हातभर होते. बँड बदलायचा तर काठी कमीजास्त ओढायची, बस. दर वेळी टेप कुठे लावणार, म्हणून मी एका सुती दोरीला त्या त्या मापावर गाठी मारल्या. चार गाठी, चार बँड. अंधारात बोटांनी मोजता येतात, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

अडलं ते आट्यांवर. काठीच्या बुडाचे आटे तीन-अष्टमांश इंची, पण बारीक, इंचाला चोवीस. आमच्याकडे नटबोल्टच्या दुकानात त्या जाडीचा जो नट मिळतो त्याचे आटे इंचाला सोळा. काठी एक-दीड फेरा आत जाते आणि धरते. वाटतं, थोडा जोर लावला की बसेल. मी लावला, आणि पहिला आटा खाल्ला. मग लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांचं सगळं काम उसाच्या ट्रॉलींचं, पिना आणि बुश यांचं. त्यांनी गियर बदलून नायलॉनच्या गट्टूत पितळी बुश बसवला आणि चोवीसचे आटे असे काढले की काठी दोन बोटांनी फिरून बसते. खाली दोन फुटांची टोकदार सळई, तिच्यावर स्टीलची पट्टी, पट्टीला विंगनट. काठी आणि सळई यांच्यामध्ये तो नायलॉनचा गट्टू. माझ्या धंद्यातला शब्द वापरायचा तर काठी बॉडीपासून अलग. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं.

केबलचा आतला कंडक्टर काठीला, बाहेरची जाळी पट्टीला, आणि पट्टीपासून जमिनीवर पसरायच्या तारा. त्यांना रेडिअल म्हणतात. पहिल्यांदा मी चारच पसरल्या, पाच-पाच मीटरच्या. चार दिशांना चार, दिसायलाही नीटस. केबलवर फेराइटच्या रिंगला अकरा वेढे देऊन चोक केला. तो नसताना केबलची जाळीच पाचवी रेडिअल होऊन बसते आणि बोलताना माइक ओठाला झिणझिण्या देतो. तेवढं एकदा अनुभवलं आणि परत चोकशिवाय सेट चालू केला नाही.

वस्तीवर, गोठ्यापासून लांब, ११ केव्हीच्या लाइनपासून त्याहून लांब जागा निवडली. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं: काठी कुठल्याही बाजूला पडली तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर आधी पावलांनी मोजायचं. मी मोटरवाला आहे, लाइनवर गेलेली माणसं पाहिली आहेत.

संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर तीस वॅटवर हाक दिली आणि तिसऱ्या हाकेला इटलीतला एक माणूस परत बोलला. आमच्या बावड्याचं नाव त्याला अक्षरं फोडून सांगितलं. चुलते तात्या मागे उभे होते. "आरं, ही काठी एवढ्या लांबनं ऐकती?" म्हणाले. पुढच्या आठवड्यात आखातातले, रशियातले, जपानचा एक असे लागत गेले. मला वाटलं, काम झालं.

पण मला इटली नको होती, मला पुणं हवं होतं. आमच्याकडून पुणं सरळ रेषेत सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. एवढ्या अंतराला दिवसा उपयोगी पडणारा बँड म्हणजे ७ मेगाहर्ट्झ, ज्याला सगळे चाळीस मीटर म्हणतात. तिथं चौथा भाग दहा मीटरचा होतो आणि माझी काठी पाच-साडेपाच मीटरचीच. अर्धी काठी पुरी करायची तर बुडाशी कॉइल. हे मात्र माझं काम होतं. ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, सोळा नंबरची तार घेतली आणि अठरा वेढे दिले, सव्वादोन-अडीच इंच लांबीत, प्रत्येक वेढ्यात सुतळी घालून सारखं अंतर ठेवून. सुतळी काढून वेढे जागेवर चिकटवले. इतकी देखणी कॉइल मी मोटरमध्येसुद्धा कधी घातली नसेल, कारण मोटरमधली कोणाला दिसत नाही.

अँटेना मोजायचा तळहाताएवढा अॅनालायझर मिळतो हल्ली, तो लावला. ७.१ मेगाहर्ट्झला ५२ ओहम. केबल ५० ओहमची, म्हणजे एसडब्ल्यूआर १.१ सुद्धा भरत नव्हता. केबल आणि अँटेना किती जुळल्या ते हा आकडा सांगतो; एक म्हणजे तंतोतंत. माझ्या हिशेबाने यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही. फोन करून सरांना वेळ दिली, सकाळी दहा. दहाला हाक दिली, सव्वादहाला दिली, अकराला दिली. पुण्यातून काही नाही. फोनवर सर म्हणाले, "नुसती खरखर आहे रे." दुसऱ्या दिवशी तेच. मी सेट तपासला, केबल मेगरवर घेतली, एकेक सोल्डर परत केला. मीटर तर रोज तोच निरोप देत होता: सगळं उत्तम.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "मीटरचं तोंड बघू नकोस. जमिनीत तार वाढव, आणि वाढवल्यावर आकडा किती होतो ते सांग."

दुकानातल्या जुन्या केबलींमधून तार सोडवून मी आणखी बारा रेडिअल केल्या. एकूण सोळा. पतंगाच्या फिरकीसारख्या फळ्या कापून त्यावर गुंडाळल्या, नाहीतर गुंता सोडवण्यात सकाळ जाते. सोळा तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या आणि अॅनालायझर लावला. ५२चे २७ झाले. एसडब्ल्यूआर जवळजवळ दोन. माझ्या पोटात गोळाच आला. आकडा खाली पडला म्हणजे मोटरच्या भाषेत वायडिंग गेली.

सरांना सांगितलं तर ते खूश झाले. त्यांनी मला जे समजावलं ते मी शब्दशः नाही, पण माझ्या रीतीने सांगतो. पाच मीटरची काठी चाळीस मीटरवर आकाशाला जे देते, त्याचा हिशेब ओहममध्ये मांडला तर तो साधारण सहा ओहम भरतो. कॉइल तापते त्यात दोनेक ओहम जातात. मग ५२मधले उरलेले ४४ कुठले? ते जमिनीचे. करंट काठीतून वर जातो तसा तो जमिनीतून परत पायथ्याशी यावा लागतो, आणि उघड्या मातीतून येताना मातीच गरम करत येतो. तीस वॅटमधले साडेतीनच वॅट आकाशात जात होते, बाकीचे उसाच्या मुळाशी. बारा तारा वाढवल्यावर जमिनीचे ४४ होते ते १९ झाले. सहा तसेच राहिले. म्हणजे आकडा २७वर आला तेव्हा आकाशात जाणारा वाटा दुपटीच्या जवळ गेला. अँटेना सुधारली म्हणून मीटर बिघडला होता. आधीचा ५२ हा आकडा खराब अर्थिंगने योगायोगाने जुळवून दिलेला होता.

मी कितीतरी वेळ बांधावर बसून राहिलो. दुकानात रोज मेगर लावून मी जमीन आणि तार यांच्यामधला रस्ता बंद आहे ना ते बघतो. इथं तोच रस्ता जितका मोकळा तितका आवाज लांब. रेडिओच्या इतिहासात हे फार लवकर कळलेलं होतं. मार्कोनीने १८९५मध्ये वडिलांच्या घराच्या आवारात प्रयोग करताना सेटचं एक टोक उंच धरलं आणि दुसरं जमिनीत पुरलं, आणि त्यानंतर त्याचा सिग्नल टेकडीपलीकडे गेला. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण पाठ केलेलं बोटांत उतरायला सोळा तारा लागल्या.

मग २७ ओहम केबलशी जुळवायला पायथ्याशी आडवी एक छोटी कॉइल घातली, सात वेढ्यांची, इंचभर जाडीची. मोठ्या कॉइलचा एक वेढा कमी केला. मीटर परत खूश, पण आता तो का खूश आहे ते मला माहीत होतं. त्याच रात्री कोलकात्याच्या एका हॅमशी चाळीस मीटरवर नीट बोलणं झालं. आठवडाभर आधी त्याला माझं नावही पुरतं लागत नव्हतं.

मातीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आमच्या भागात जमीन हा रोजचा विषय आहे. नीरेचा डावा कालवा १८८५चा. पाण्याने ऊस आणला आणि अती पाण्याने कितीतरी रानं खारवट, चोपण केली. आमचीही वरची दोन एकर तशीच आहे. उन्हाळ्यात पांढरा फुफाटा दिसतो, उसाची मुळी तिथं धरत नाही. तात्यांनी जिप्सम टाकलं, चर काढले. मी अँटेना त्या तुकड्यात नेऊन रोवली. ओल आणि मीठ असलेली माती वीज चांगली नेते, त्यामुळे उभ्या अँटेनाला ती मानवते, आणि नुसती पायथ्याची नव्हे, पन्नास-शंभर मीटरवरचीही, कारण जमिनीलगत निघणारी लहर तिथपर्यंत मातीवर टेकत जाते. अॅनालायझरवर पाणी दिलेल्या दिवशीचा आणि भेगा पडलेल्या दिवशीचा आकडा वेगळा येतो, हे मी वहीत लिहून ठेवलंय. तात्यांना मी हे सांगितलं तर ते त्या पांढऱ्या रानाकडे बघत म्हणाले, "कुणाच्या तरी कामाला आलं म्हणायचं."

एवढं होऊनही पुणं मुकंच होतं.

कोलकाता ऐकतं, इटली ऐकते, आणि पुणं नाही. सोलापूर त्याहून जवळ, तेही नाही. याचं उत्तर मला आमच्याच शेजाऱ्याच्या रानात सापडलं. त्याने नवी रेनगन बसवली होती. गन फिरते, पाणी लांब जाऊन पडतं, आणि गनच्या बुडाशी माती कोरडी. उभी अँटेना तशीच आहे. ती आडवं, लांब फेकते आणि डोक्यावर जवळजवळ काहीच देत नाही. जवळच्या गावाला आवाज द्यायचा तर लहर सरळ वर पाठवायला हवी, म्हणजे ती आयनोस्फिअरला लागून छत्रीसारखी आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरते. जमिनीलगत जाणारी लहर पुण्याच्या आधीच दमते, आकाशातून परतणारी पुण्याच्या फार पुढं उतरते. मधल्या पट्ट्यात आम्ही.

आमच्याच जिल्ह्यात हे लांब फेकणं एके काळी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १९२७मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान बीम वायरलेस सुरू झालं, तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घ्यायचं दौंडला. उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारा, तोंड इंग्लंडकडे. तारेने जोडलेलं जग एका उडीत ओलांडायचं, हेच त्यांचं काम होतं. दौंडच्या स्टेशनवर गाडी बदलताना मला आता ते आठवतं. पण पुराच्या रात्री मला इंग्लंडशी बोलायचं नव्हतं. उभी अँटेना मी निवडली ती खांब नकोत म्हणून. तिचा आवाज कुठे पडेल याचा विचार केला नव्हता, आणि ही माझी खरी चूक होती, चार रेडिअलपेक्षाही मोठी.

उपाय स्वस्त निघाला. दोन बाजूंना दहा-दहा मीटर साधी तार, मध्ये केबल. उंच नको, उलट खालीच बरी. मधला भाग बांबूवर साडेचार मीटरवर, एक टोक लिंबाला, दुसरं गोठ्याच्या मेढीला. एवढ्या खाली असलेली आडवी तार जवळजवळ सगळं वरच फेकते. सकाळी दहाला हाक दिली. माझं वाक्य संपायच्या आत सरांचा आवाज आला, इतका मोठा की मला व्हॉल्यूम कमी करावा लागला. ते बोलत होते आणि मला काही सुचत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणालो, "सर, बावडा. ऐकू येतंय." मग सोलापूरचा एक जण मध्ये आला, साताऱ्याचा आला. ज्या सगळ्यांना मी महिनाभर हाका मारल्या होत्या ते शेजारी बसल्यासारखे बोलत होते.

म्हणून आता पिशवीत दोन्ही असतं. काठी, कॉइल, गाठींची दोरी आणि सोळा रेडिअल लांबच्यासाठी; वीस मीटर तार जवळच्यासाठी. दर रविवारी सकाळी सराव. शेतातली थ्री-फेज गेली की सेटमधला गोंगाट एकदम बसतो, स्टार्टर आणि एलईडीचे किरकिरे आवाज थांबतात, आणि दूरचे बारीक सिग्नल वर येतात. लोक लाइट कधी येतो ते विचारतात, मी कधी जातो त्याची वाट बघतो. आषाढात तुकोबांची पालखी बावड्यावरून सराटीला जाते. त्या दिवशी रस्त्यावर मुंगीला वाव नसतो आणि मोबाइल लागता लागत नाही. त्या दिवशीही मी वस्तीवर सेट लावून ठेवतो, चाळीस मीटरवर पुणं आहे ना ते तासातासाला बघतो. असतं.

मात्र दिवसाच असतं. संध्याकाळ उतरली की आयनोस्फिअर विरळ होतं, ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत येत नाही, पार निघून जाते. साडेआठ-नऊला सरांचा आवाज मागे मागे जात नाहीसा होतो आणि त्यांच्या जागी लांबचे परके आवाज येतात. २०२०चं पाणी रात्रीच चढलं होतं. रात्री पुणं हवं असेल तर ८० मीटरचा बँड, म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर तार. परवा मी लिंबापासून बोअरपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. बेचाळीस मीटर भरतं, पण तार उभ्या उसावरून जाते. तात्यांना विचारलं.

"तोड झाल्यावर बांध," तात्या म्हणाले. "महिनाभर थांब."